अंगण हिरवं हवं, पण कुणाच्या पाण्यावर? लॉन, वुजूचं पाणी आणि मेंदीचं कुंपण

'लॉन' हा शब्द आपल्याकडे आता दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे बंगल्यासमोरची कापलेली हिरवळ. दुसरा म्हणजे लग्नाचं ठिकाण. दावतनाम्यावर 'अमुक लॉन्स, बायपास रोड' असं छापलेलं असतं आणि वलीम्याला आपण तिथेच जेवून येतो. एप्रिल-मेमध्ये, ऐन लग्नसराईत, त्या हिरवळीवर संध्याकाळी पाण्याचे फवारे उडत असतात आणि गेटबाहेर टँकर उभा असतो. वऱ्हाड ज्या वस्तीतून आलेलं असतं, तिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना याचं नवल वाटणंही बंद झालं आहे.

पण आता ही हिरवळ लग्नाच्या लॉनवरून घरादारात शिरते आहे. नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं की समोर दहा बाय वीस फुटांचा तुकडा लॉनसाठी सोडला जातो. शाळा चालवणाऱ्या संस्था दर्शनी भागात 'गार्डन' करायचं म्हणतात. मशिदीच्या कमिट्यांमध्येही सहनच्या कडेला हिरवळ लावायचा विषय निघतो. हौस वाईट नाही. डोळ्यांना हिरवा रंग कुणाला नको असतो? फक्त ती हिरवळ किती पाणी पिते, तिच्यावर काय-काय फवारलं जातं आणि तेवढ्याच जागेत दुसरं काय लावता येईल, हे लावण्याआधी माहीत असलेलं बरं. आम्ही शिक्षक माणसं, त्यामुळे सुरुवात गणितानेच करतो.

एका लॉनचं रोजचं पाणी

गणित सातवीच्या मुलांना जमेल इतकं सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचलं तर ते एक लिटर होतं. १००० चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज किमान ५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे दिवसाला ४६५ लिटर. महिन्याला जवळपास १४ हजार लिटर. मार्चपासून पाऊस पडेपर्यंतचे शंभर दिवस धरले तर साडेशेहेचाळीस हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे नऊ टँकर आणि वर थोडं.

आता हे माणसांच्या हिशोबात मांडून पाहा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी रोजचं माप ५५ लिटर धरलेलं आहे. म्हणजे १००० फुटांचं लॉन एकटं आठ माणसांचं पाणी पितं.

यातली कळीची गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगायची आहे. ज्या शाळेत दुपारनंतर मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, त्या शाळेच्या दर्शनी भागात लॉनवर पाइप चालू असणं आम्हाला पटत नाही. अशा शाळा आम्ही पाहिल्या आहेत. मुली सकाळपासून पाणी पिणं टाळतात, म्हणजे जावं लागणार नाही. पालकसभेला येणाऱ्यांना मात्र गेटमधून हिरवळ दिसते. कमिटीत हा विषय निघाला तर एवढाच प्रश्न विचारा की हे पाणी कुठून येणार आहे आणि ते आधी कुणाला मिळायला हवं.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, तिच्या दहा वाघिणींमध्ये पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयात क्रिकेटच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न गेला, आणि आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला न्यायालयाने सांगितलं. गवताचं पाणी आणि माणसाचं पाणी एकाच धरणातून येतं, हे तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं. पाऊस पडला आणि विसरलो.

हा प्रश्न फक्त आपल्यासारख्या टंचाईच्या मुलखाचा आहे असंही नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, की लास वेगास परिसरात जे गवत केवळ शोभेसाठी आहे, ज्यावर कुणी खेळत नाही की बसत नाही, ते २०२६ अखेरपर्यंत काढून टाकायचं. घरमालकांनी आपलं लॉन उपटलं तर तिथली पाणीपुरवठा संस्था त्यांना चौरस फुटाप्रमाणे पैसे देते.

लंडनचं गवत, आपलं ऊन

मग इंग्रजांच्या देशात लॉन कसं टिकतं? तिथे फार पाऊस पडतो म्हणून, असं आपण धरून चालतो. पण लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि औरंगाबादेत (छत्रपती संभाजीनगर) साधारण ७००. आपला पाऊस जास्तच आहे! फरक असा, की त्यांचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो, ऊन सौम्य असतं, माती सुकत नाही. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि नंतर आठ महिने आभाळ कोरडं. तिथे आभाळ लॉनला पाणी घालतं, इथे टँकरवाला घालतो.

बाग म्हटलं की आपल्यातले बरेच जण 'मुघल गार्डन' म्हणतात आणि डोळ्यांसमोर आणतात ते ताजमहालपुढचं लॉन. ते लॉन मुघलांचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात ताजच्या बागेला इंग्रजी वळण दिलं गेलं, त्यातून ती हिरवळ आली. मूळ चारबाग म्हणजे फळझाडं, फुलझाडं, सावली आणि मधून वाहणारे पाट. पायवाटा उंच असायच्या आणि वाफे खाली, म्हणजे पाटातलं पाणी आपोआप मुळांपर्यंत उतरायचं. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याची बाग २००३ मध्ये पूर्ववत केली, तेव्हा पाट पुन्हा वाहते केले, पावसाचं पाणी जिरवायची सोय केली आणि आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, मोगरा अशी झाडं लावली.

आपल्या औरंगाबादेत तर मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली. जमिनीखालून, नुसत्या उतारावर, डोंगराकडचं पाणी शहरात आणलं. त्यासाठी किती मेहनत पडली असेल ते पाणचक्कीपाशी उभं राहिलं की कळतं. ज्यांनी पाणी इतकं कष्टानं आणलं, त्यांनी ते गवतावर शिंपडलं नसतं.

लॉन आहेच, तर निदान असं सांभाळा

ज्यांच्याकडे लॉन आधीच आहे त्यांनी ते उद्या उखडावं, असं आमचं म्हणणं नाही. आधी बघा की गवत कोणतं आहे. नर्सरीतून आणलेलं मऊ, गादीसारखं 'कोरियन' किंवा 'मेक्सिकन' म्हणतात ते असेल तर त्याची निगा जास्त. आपली साधी हरळी असेल तर नशीब समजा. शेतकरी तिला शिव्या देतो कारण ती मरत नाही, आणि तोच गुण अंगणात कामाचा. हरळी पाण्यावाचून पिवळी पडते, वाळल्यासारखी दिसते, पण तिच्या काशा जमिनीत जिवंत असतात. पहिल्या पावसानंतर आठवड्यात पुन्हा हिरवी. उन्हाळ्यात तिला पिवळी राहू द्यावं, एवढं मन मोठं केलं तर निम्मा प्रश्न सुटतो. (गणपतीत शेजारच्या काकू दूर्वा मागायला येतात, त्या याच हरळीच्या. औषध मारलेल्या लॉनमधल्या दूर्वा त्यांना कशा द्यायच्या?)

हिरवी ठेवायचीच असेल तर रोज थोडं पाणी शिंपडू नका. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच्या वर राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की गवत माना टाकतं. त्याऐवजी दहा दिवसांतून एकदा, फजरनंतर ऊन चढायच्या आत, भरपूर पाणी द्या. किती ते मोजायला लॉनवर दोन-तीन स्टीलचे डबे ठेवा. डब्यात एक इंच पाणी साचलं की बंद. हजार फुटांना एका वेळी साधारण २३०० लिटर होतात, म्हणजे रोजच्या शिडकाव्याच्या निम्मेच. मुळं खोल जातात आणि दर वर्षी गवत थोडं अधिक काटक होतं.

कापताना लोक चूक करतात ती अशी, की न्हाव्याकडे मशीन मारावी तसं जमिनीलगत कापून टाकतात. जमीन उघडी पडते, तापते आणि पाणी उडून जातं. हरळी दीड-दोन इंचांच्या खाली नेऊ नका, उन्हाळ्यात त्याहूनही उंच ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची काढू नका. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या. ते कुजून खतच होतं, वेगळा युरिया टाकावा लागत नाही. युरियाने गवत चार दिवस काळंशार हिरवं दिसतं, पण मग ते भराभर वाढतं, जास्त पाणी मागतं आणि जास्त वेळा कापावं लागतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की लोखंडी सळईने जागोजागी चार बोटं खोल भोकं पाडा आणि चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत पाव इंच जाडीने पसरा. वर्षाला तेवढं पुरतं. शेणखत वापरायचं तर पूर्ण कुजलेलंच. कच्च्या शेणातून तणाचं बी येतं आणि हुमणी येते.

हुमणीवर थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विष घरात येतं ते याच वाटेने. लॉनचा एखादा पट्टा पिवळा पडतो, ओढला की चटईसारखा हातात येतो, आणि खाली पांढऱ्या जाड अळ्या दिसतात. माळीमामा म्हणतात, "दाणे टाकू का?" हे दाणे वर्षानुवर्षं फोरेटचे असायचे. फोरेट इतकं जहाल आहे की भारतात ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याच्यावर बंदी आली. तरी जुना साठा कुठे ना कुठे निघतो. म्हणून माळीमामांना आदबीने, पण ठामपणे विचारा, "मामा, पुडीवर नाव काय आहे?" तणनाशकाचंही तसंच. ग्लायफोसेट हे नाव आता खेड्यापाड्यात माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेलं' या गटात टाकलं. शेतात काय वापरावं हा वाद वेगळा. पण ज्या गवतावर बाळ रांगतं, मुलं लोळतात आणि बकरीदच्या आधी आणलेला बकरा आठ दिवस चरतो, तिथे हे मारायचं कशाला?

हुमणीचे भुंगे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पानांवर बसतात. मगरिबनंतर फांदी हलवली की टपाटप पडतात. साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. मुलांना हे काम फार आवडतं आणि एका मादीबरोबर तिची पुढची सगळी अंडी वाचतात. अळ्या झाल्याच असतील तर मेटारायझियम नावाची बुरशी कृषी केंद्रात मिळते, ती कंपोस्टमध्ये मिसळून ओल्या जमिनीत टाकावी. तिचा परिणाम सावकाश होतो, पण होतो. निंबोळी पेंडही टाकता येते.

तणात एकच खरा जिद्दी आहे, लव्हाळा. वरून उपटला तर खालच्या गाठीतून पुन्हा येतो. पावसाने माती मऊ झाल्यावर खुरप्याने गाठीसकट काढायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा. बाकीची किरकोळ तणं राहू द्या. घोळ उगवली तर खुडून आणा आणि डाळीत घाला.

राहता राहिलं प्लास्टिकचं लॉन. त्याला पाणी लागत नाही म्हणून हल्ली गच्चीवर, दुकानापुढे, शाळांच्या बालवाडीत सर्रास अंथरतात. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा, एवढंच सांगतो.

गवताऐवजी काय?

मुलांना बसायला-लोळायला १०० ते १५० चौरस फुटांचा हरळीचा तुकडा पुष्कळ झाला. खेळायला मुरूम टाकून धुमसलेलं मैदान बरं. कबड्डी आणि क्रिकेटला लॉन तसंही टिकत नाही. उरलेल्या जागेत झाड लावा. झाडाचं पाणी मुळापाशी जातं, सावलीने जमीन थंड राहते आणि त्या सावलीत चटई टाकता येते. लॉनवर मे महिन्यात दुपारी कोण बसतं?

कोणती झाडं, याच्या याद्या सगळीकडे असतात. कडुनिंब, करंज, बकुळ, सीताफळ, लिंबू, कडीपत्ता ही सगळी चांगली, पाणी कमी मागणारी. (लिंबाला मात्र थोडं जास्त लागतं.) पण आम्हाला तीन अशी झाडं सांगायची आहेत, जी आपल्या घरांमध्ये रोज लागतात आणि अंगणातून मात्र नाहीशी होत चालली आहेत.

पहिलं, मेंदी. नवीन बंगल्यांना शोभेच्या झुडपांचं कुंपण असतं, त्याला सतत पाणी आणि कात्री. मेंदीचं कुंपण एकदा धरलं की पावसाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं जगतं. फांद्या जून-जुलैमध्ये लावायच्या, वीत-वीत लांबीच्या, एक-एक फुटावर. वर्षातून दोनदा छाटायचं, आणि छाटलेली पानं फेकायची नाहीत, सावलीत वाळवून दळायची. चाँदरातीला बाजारातून कोन आणतो, त्यात रंग लवकर चढावा म्हणून काय-काय घातलेलं असतं कुणास ठाऊक. लहान मुलींचे हात भाजल्यासारखे झालेले आम्ही वर्गात पाहिले आहेत. घरच्या पाल्याला रात्रभर थांबावं लागतं, हे खरं. बहराच्या दिवसांत मेंदीला जो वास सुटतो, त्याचंच अत्तर हिना म्हणून विकतात.

दुसरं, बोर. हे झाड उन्हाळ्यात चक्क झोपतं. एप्रिल-मेमध्ये पानं गाळतं, त्याच वेळी त्याची छाटणी करतात, आणि पावसाबरोबर नवी फूट येते. म्हणजे पाण्याची सगळ्यात जास्त ओढ असते तेव्हा बोर काही मागतच नाही. जळगावकडच्या मेहरूणची बोरं प्रसिद्ध आहेत. उमराण, कडाका या जातींची कलमंही नर्सरीत मिळतात. अंगणात काटे नकोत म्हणून लोक बोर तोडतात, हे आम्हाला कळतं. कोपऱ्यात लावा, कुंपणाकडे. कारण मय्यतीच्या गुस्लसाठी बोरीची पानं लागतात आणि शहरात रात्री-अपरात्री ती मिळत नाहीत. मोहल्ल्यात एका दारी बोर असलं तर सगळ्यांची सोय होते. पानं थंडीत तोडून सावलीत वाळवून डब्यात ठेवावीत, म्हणजे उन्हाळ्यातही अडत नाही.

तिसरा, सब्जा. हे झाड नव्हे, हातभर उंचीचं रोप. पावसाळ्यात बी फेकलं की उगवतं, थंडीपर्यंत दरवळतं, बी धरतं आणि पुढच्या पावसात स्वतःच पुन्हा येतं. रमजानमध्ये शरबतात आणि फालुद्यात तेच बी जातं. कबरीवर सब्जा लावायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कब्रस्तानात लॉन करण्यापेक्षा किंवा तणनाशक मारून जमीन बोडकी करण्यापेक्षा ती किती तरी बरी.

जमीन झाकायची असेल तर रतोलिया पाहा. आपल्याच मातीतली, नदी-ओढ्याच्या काठी पसरणारी वेल आहे ही. पेराला मुळं फुटत जाते, जमिनीला चिकटून वाढते, बारीक पांढरी-जांभळट फुलं येतात, आणि थोडंफार पायदळी तुडवलेलं तिला चालतं. कापावी लागत नाही. एकदा धरली की गवताहून कमी पाण्यात भागतं. फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे मुलं अनवाणी पळतात तिथे नको. रंगच हवा असेल तर भर उन्हात चिनी गुलाब, ज्याला ऑफिस टाइम म्हणतात, तो लावा. पानातच पाणी साठवतो. वेडेलिया नावाची पिवळ्या फुलांची वेल नर्सरीवाले स्वस्तात देतात, ती घेऊ नका. ती आपल्याकडची नाही, कुंपण ओलांडून ओढ्यापर्यंत जाते आणि बाकी सगळं दाबून टाकते.

चालायच्या जागी शहाबादी फरशी टाका, पण फटी सिमेंटने बुजवू नका. दोन फरश्यांमध्ये तीन बोटांची फट ठेवली की पाऊस तिथे जिरतो. झाडांच्या आळ्यात वाळका पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते चार बोटं जाड पसरून ठेवा. पालापाचोळा जाळायची सवय तेवढी सोडायला हवी.

वुजूखान्याचं पाणी

आता पाण्याकडे येऊ. अंगणातल्या झाडांना नळाचं ताजं पाणी घालायचं कारणच नाही, कारण आपल्याकडे रोज पाच वेळा असं पाणी वाहून जातं, ज्यात साबण नाही, तेल नाही. वुजूचं पाणी. एकदा वापरलेल्या या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाणी पाक आहे, हे हनफी आणि शाफई (म्हणजे आपल्या कोकणातल्या जमाती) दोन्हीकडे मानलेलं आहे. झाडांना घालायला अडचण कसलीच नाही. शंका असेल तर इमामसाहेबांना विचारून घ्या.

हिशोब पुन्हा मांडू. मशिदीत दिवसभरात २०० जणांनी वुजू केलं आणि प्रत्येकी ३ लिटर पाणी गेलं, तर ६०० लिटर झाले. तीन लिटर आम्ही कमीच धरले. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ कोपरापासून टाचेपर्यंत उघडाच राहिला तर पाच-सहा लिटर सहज जातात. रसूलुल्लाह (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) एका मुदमध्ये वुजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुद म्हणजे आजच्या मापात पाऊण ते एक लिटर; हनफी आणि शाफई हिशोबात थोडा फरक पडतो. तर ते ६०० लिटर. लहान झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस लिटर धरले, तर आठवड्याच्या ४२०० लिटरमध्ये शंभर झाडं जगतात. तेच पाणी लॉनवर घातलं तर साधारण १३०० चौरस फूट गवत.

करायचं काय? वुजूखान्याची नाली वेगळी काढायची. इस्तिंजाखाना आणि संडास यांच्या लाइनला ती कुठेही मिळता कामा नये. ते पाणी सेप्टिक टँकमध्येच जायला हवं. वुजूचं पाणी एका लहान हौदात घेऊन, जाळी लावून, तिथून उताराने झाडांच्या आळ्यांत सोडायचं. उतार नसेल तर छोटा पंप. हौदात पाणी एका दिवसाहून जास्त ठेवू नका, वास येतो आणि डास होतात. हौद झाकलेला असावा. प्लंबरचं दोन दिवसांचं काम आहे आणि बांधकाम चालू असतानाच केलं तर खर्च जाणवतही नाही. नंतर फरशी फोडावी लागते, मग कमिटी नाही म्हणते. म्हणून ज्यांच्या मशिदीचं किंवा मदरशाचं काम आत्ता चालू आहे, त्यांनी मुतवल्लींच्या कानावर हे याच महिन्यात घालावं.

घरातलं पाणीही असंच. आपल्या आजी-नानीच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ असायचीच. ती पद्धत आजही चालते. अंघोळीचं पाणी कर्दळीच्या खड्ड्यातून, खडी-वाळूतून गाळून पुढे झाडांना सोडा. नालीच्या काठाला वाळा लावा. माती धरून ठेवतो आणि मुळांना खसचा वास. गवती चहाही तिथेच येईल. भांड्यांचं तेलकट पाणी मात्र नको, आणि वॉशिंग मशीनचं पहिलं, पावडरीचं पाणीही नको. त्यातल्या सोडियममुळे आपली काळी माती घट्ट, चिकट होते आणि मग तिच्यात पाणीच मुरत नाही.

जुनं लॉन काढायचं असेल तर

एप्रिल-मेमध्ये काढा. ऊन आपल्या बाजूने असतं. कुदळीने वीतभर खणून काशा आणि गाठी वेचायच्या, मग जमिनीला एकदा भरपूर पाणी देऊन वर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं आणि कडा मातीने दाबून सहा आठवडे तसंच ठेवायचं. आतल्या उष्णतेने उरलेलं बरंच मरतं. नुसता पुठ्ठा टाकून हरळी मरते असं इंटरनेटवर सांगतात. ते थंड देशातल्या गवताचं असेल, आपली हरळी पुठ्ठ्याच्या कडेने बाहेर येऊन आपल्याकडे बघते. पहिला मोठा पाऊस झाल्यावर खड्डे भरून झाडं लावायची, म्हणजे चार महिने पाण्याची काळजी नाही.

पहिले दोन उन्हाळे मात्र झाडाला हाताने जगवावं लागतं. त्याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मातीचं मडकं. रमजान संपला की जुनी, गळकी मडकी घरात पडून असतात. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात ओवायची, रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. पाणी झिरपत मुळाशी जातं, वर उडत नाही. दर तीन-चार दिवसांनी भरायचं, आणि हे काम घरातल्या एका मुलाच्या नावावर लावून द्यायचं. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत झाडाची मुळं खाली ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात. मग मडकं उकरून काढायचं आणि दुसऱ्या रोपाशी पुरायचं.